सहा स्क्रूंचं डोकं

बाजाराच्या इमारतीत जिन्याखाली दोन खुर्च्यांचं एक सलून आहे. एक खुर्ची भागीदाराची, दुसरी उस्तादांची. बावीस वर्षं उस्तादांनी तिथे उभं राहून लोकांची डोकी हाताळली. चेहरे त्यांच्या लक्षात राहायचे नाहीत, पण डोक्याला हात लागला की माणूस ओळखायचे. कुणाचं मागून चपटं, कुणाच्या टाळूवर उंचवटा. केस कापून झाल्यावर ते मालिश करत, तेव्हा भलेभले बसल्या जागी घोरू लागत.

एका सकाळी दुकान उघडताना शटरचा वरचा लोखंडी दांडा भिंतीतून निसटला आणि थेट त्यांच्या डोक्यात बसला. डाव्या कानाच्या वर चार बोटांची जागा, तिथल्या हाडाचा चुरा झाला. डॉक्टरांनी तुकडे काढून टाकले आणि सूज उतरेपर्यंत तीन महिने त्यांना तसंच घरी ठेवलं. त्या जागी वर नुसती कातडी होती. नाडीबरोबर ती हलायची. त्या तीन महिन्यांत बायकोने कपाटाचं एक दारसुद्धा उघडं राहू दिलं नाही. मग दुसरं ऑपरेशन झालं आणि टायटॅनियमची प्लेट सहा स्क्रूंनी पक्की बसवली गेली.

झालं, आता विसरून जा, असं डॉक्टर म्हणाले. विसरायचं कसं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

सकाळच्या गारठ्यात प्लेटच्या कडेने ठणकायचं. डाव्या कुशीवर झोपवत नव्हतं. स्वस्थ बसलं की डोक्यात बारीक गुणगुण सुरू व्हायची, फ्रिज चालू असल्यासारखी. उठून चाललं की थांबायची. म्हणून उस्ताद चालू लागले. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते दार. जेवतानाही दोन घास झाले की उठायचे. दर थोड्या वेळाने बोट डोक्याकडे जायचं आणि ते हळूच टकटक करायचे.

"अहो, आत कोणी राहत नाही," बायको एकदा म्हणाली. "दार किती वाजवाल?"

ते हसले, पण बोट खाली आलं नाही.

पाचव्या महिन्यात ते दुकानात परतले. गिऱ्हाइकांनी स्क्रू ढिला असल्याचे सगळे विनोद पहिल्याच आठवड्यात संपवून टाकले. त्याचं उस्तादांना काही वाटलं नाही. अडचण वेगळीच होती. हात स्थिर होता, कात्री पूर्वीसारखीच चालत होती, पण मालिश करायला बोटं कानशिलावर टेकली की त्यांना कातडीखालचं हाड किती पातळ आहे तेच जाणवायचं. दाबच देववेना. लागतंय का, असं ते दहा दहा वेळा विचारू लागले. गिऱ्हाइकं वैतागली. एक जुना मास्तर तर अर्ध्यातून उठून भागीदाराच्या खुर्चीत जाऊन बसला. उस्ताद मग कंगवे लावत, पुसलेला आरसा पुन्हा पुसत, बाहेर जाऊन रस्ता बघून येत. शेवटी भागीदाराने सरळ विषय काढला. तुझ्या येरझारांनी मलाच घेरी येते, म्हणाला, आणखी महिनाभर घरी राहा. उस्ताद फडकं घेऊन पुन्हा आरशाकडे वळले. घरी तर याहून वाईट होतं.

त्याच आठवड्यात टपाल वाटणारी बाई दुकानात आली. पत्रं द्यायला ती रोज यायची, पण मधले काही महिने तिच्या जागी दुसराच माणूस येत होता. ती येऊन उस्तादांच्या खुर्चीत बसली आणि डोक्यावरचा रुमाल सोडला. अर्ध्या डोक्यावर लांब केस, अर्ध्यावर बोटभर, आणि मधून नालासारखा वळलेला व्रण. ती स्कूटरवरून पडली होती. सगळे केस एकसारखे बारीक करा, म्हणाली. दोन पार्लरमधून तिला परत पाठवलं होतं.

उस्ताद म्हणाले, भागीदार करेल.

"त्या बायकाही हेच म्हणत होत्या, ती करेल, ती करेल," बाई म्हणाली. "जबाबदारी माझी. तुम्ही फक्त मशीन चालवा."

त्यांनी मशीन चालवलं. व्रणाजवळ आल्यावर बोटाला कातडीखाली प्लेटची कड लागली आणि त्यांचा हात थांबला. बाईने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमचीही याच बाजूला?"

त्यांनी वाकूनच मान हलवली. तिने न विचारता हात वर करून त्यांच्या डोक्यावर बोटं ठेवली आणि चांगली दाबली. ऑपरेशननंतर असं कोणी दाबलं नव्हतं. बायको तर तेल लावतानाही ती जागा सोडून द्यायची. उस्ताद डोळे मिटून उभे राहिले. काहीच झालं नाही. दुखलंही नाही.

"बसलं की आवाज येतो का?" त्यांनी विचारलं. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"येतो. आधी डॉक्टरांना सांगितलं, मग सांगायचं सोडून दिलं. मी बसतच नाही. दिवसभर पायी वाटप करते, तेवढं बरं जातं."

उरलेले केस त्यांनी न थांबता कापले.

त्यानंतर त्यांनी घरी राहायचं नाव काढलं नाही, पण खुर्चीही सोडली. भागीदाराला दुसरा कारागीर मिळाला. उस्ताद खांद्याला पिशवी अडकवून घरोघर जाऊ लागले. अंथरुणाला खिळलेल्यांचे, म्हाताऱ्यांचे, प्लॅस्टर घातलेल्यांचे केस कापायचे आणि एका घरातून दुसऱ्या घरी चालत जायचं. बाईनेच आपल्या वाटेवरची चार घरं दाखवली. वर्षभराने हॉस्पिटलनेही बोलावलं. डोक्याच्या ऑपरेशनआधी केस काढायचं काम आता तेच करतात. गुणगुण गेलेली नाही. जेवण अजूनही अर्धं उभ्यानेच होतं, आणि बायकोने त्यावरून बोलणं सोडलेलं नाही. मालिश मात्र पुन्हा जमते. कोणी मागितली तर आधी स्वतःच्या प्लेटवर एकदा दाबून बघतात आणि मग करतात.

वॉर्डातले लोक त्यांचा व्रण बघून एकच प्रश्न विचारतात, नंतर सगळं पूर्वीसारखं होतं का? पहिल्यांदा ते सरळ नाही म्हणाले होते. पेशंट रडायला लागला आणि नर्सने उस्तादांना बाहेर काढून चांगलंच फैलावर घेतलं. आता ते वस्तरा पुसत सांगतात, "केस येतात. बाकीचं डॉक्टरांना विचारा." आणि पिशवी उचलून पुढच्या खाटेकडे निघतात.