जाऊबाईंची उठबस

माझ्या थोरल्या जाऊबाई नवऱ्यासमोर कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, अंगणात बाजेवर असायचे आणि बाई खाली, उंबऱ्याशी. भाऊजींनी कधी 'खाली बस' म्हटलं नव्हतं, आणि 'वर बस' असंही म्हटलं नव्हतं. मी अंगणवाडीत तीस वर्षं खुर्चीवर बसून नोकरी केली, पण भाऊजी समोरून गेले की मीसुद्धा ताडकन उभी! आता स्वतःचाच राग येतो, पण तेव्हा पाय आपोआप उठायचे.

आम्ही दोघींनी एका घरात चाळीस वर्षं काढली. हळद शिजवली, वाळवली, भांडलो, दोन-दोन दिवस अबोला धरला आणि पुन्हा एका ताटात जेवलो. मग वाटण्या झाल्या, माझे मालक गेले, आणि मी कळमनुरीच्या रस्त्याला माझ्या वाट्याच्या जागेत दोन खोल्या बांधल्या. जुन्या घरापासून चालत दहा मिनिटं. पण खोल्यांवर स्लॅब पडेपर्यंत बाईंचे गुडघे गेले. घरातल्या घरात भिंत धरून चालायच्या, नाहीतर बसल्या-बसल्या सरकायच्या. माझं घर त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"तुमच्या लेकाच्या गाडीवर बसा की, पाच मिनिटांत आणून सोडतो," मी म्हणायची.

"मढं हाय का मी, उचलून न्यायला? येईन तर माझ्या पायानं येईन. तुझ्या घरात बसून चहा पिईन आन् नावं ठेवीन."

मला तेवढंच हवं होतं. बाईंनी एकदा माझ्या घरी यावं आणि खुशाल नावं ठेवावीत. त्यांच्याशिवाय त्या दोन खोल्यांत मला करमत नव्हतं, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. चाळीस वर्षं जिच्याशी कुरकुर केली तिच्यासाठीच जीव तुटतो, हे लोकांना कसं पटणार?

गावातल्या विहारात उपकेंद्राच्या नर्सबाईंनी म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्चीवरचा योग सुरू केला. जमिनीवर बसायचं नाही, अंगाचं मुटकुळं करायचं नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसायचं. श्वास घेत हात वर, सोडत खाली. एकेक पाय समोर सरळ करून धरायचा, घोटे गोल फिरवायचे, आणि शेवटी डोळे मिटून भुंग्यासारखं गुणगुणायचं. मी म्हटलं, अरे, हे तर बाईंना बराबर जमेल! जेवढं शिकले तेवढं घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या घरी हजर झाले.

खुर्ची बघूनच त्यांनी मान फिरवली. "मी न्हाई बसत त्याच्यावर."

"काहून?"

"हे हायेत ना समोर."

भाऊजी बाजेवर पेपर वाचत होते. माझं डोकंच फिरलं. "बाई, सत्तरी उलटली तुमची! नातीचं लग्न झालं!" पण त्या काही हलेनात. शेवटी मीच मार्ग काढला. भाऊजी रोज सकाळी अर्धा तास पारावर जायचे. ते फाटकाबाहेर पडले की मी खुर्ची अंगणात मांडायची आणि ते यायच्या आत उचलायची. चोरी करावी तसा आमचा योग चालायचा. भुंग्याची पाळी आली की बाईंना हसू आवरायचं नाही. "बया, डोक्यात माशा शिरल्यावानी वाटून राहिलं," म्हणायच्या, आणि पुन्हा पहिल्यापासून गुणगुणायच्या.

पंधरा-वीस दिवस झाले असतील. बाईंचा उजवा पाय समोर सरळ, मी आकडे मोजतेय, आणि फाटकात भाऊजी! चष्मा विसरला म्हणून परत आलेले. बाई झटक्यात उठल्या. हात टेकला नाही, भिंत धरली नाही. पदर सावरून सरळ उभ्या.

"बाई, उभ्या राहिलात की हो!" मी ओरडलेच.

त्यांनी पायांकडे पाहिलं, "अगं बया" म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. खुर्चीवरच. भाऊजींच्या देखत. भाऊजी माझ्याशी थेट बोलत नसत, भिंतीकडे बघून बोलत. त्या दिवशीही त्यांनी भिंतीलाच सांगितलं, "चष्मा ऱ्हायला होता," आणि तो घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फाटकात खोकला. बाई उठल्या. म्हणे काठी राहिली. थोड्या वेळानं पुन्हा खोकला. बाई पुन्हा उठल्या. म्हणे तंबाखूची डबी राहिली. चौथ्यांदा आले तेव्हा काय राहिलं ते सांगायलासुद्धा थांबले नाहीत. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, हा नर्सबाईंचा शेवटचा व्यायाम होता. तो बाईंकडून करून घ्यायची माझी छाती झाली नव्हती. भाऊजी तो फाटकातूनच करून घेत होते.

"काय मेलं डोकं फिरलंय यांचं! उठबस करून करून जीव गेला माझा," बाई पुटपुटायच्या, पण उठायच्या. सुरुवातीला चार वेळा, मग आठ, मग दहा. त्याबद्दल त्या घरात कुणी एक शब्द काढला नाही. संक्रांतीला बाई फाटकापर्यंत गेल्या. नंतर काठी घेऊन पारापर्यंत.

हळद शिजवायचे दिवस होते. मी बाजारासाठी कळमनुरीला गेले होते. दुपारी परत आले तर शेजारीण दारातच उभी.

"तुमच्या जाऊबाई येऊन गेल्या. एकट्याच. चालत."

मी माझ्या दाराच्या कुलपाकडे बघतच राहिले.

"अर्धा तास बसल्या पायरीवर. मी चहा देऊन राहिले होते, तर न्हाई म्हणल्या. इथं आले तर तिचाच पिणार, म्हणल्या."

तशीच पिशवी टाकून जुन्या घरी पळाले. बाई आडव्या झाल्या होत्या, पाय सुजलेले, पण तोंडावर हसू मावत नव्हतं.

"कळवायचं न्हाई का बाई? फोन कशाला हाय?"

"सांगून आले असते तर तू घर आवरून ठेवलं असतंस. मग नावं कशाला ठेवू?" माझा हात धरून म्हणाल्या, "रडून काहून राहिलीस? येते की आठ दिवसांनी. वाट म्हाईत झाली आता."

पाचव्या दिवशी त्यांना ताप भरला. नांदेडला नेलं, आणि नांदेडहून त्या परत आल्या त्या शववाहिकेतून. माझं घर त्यांनी बाहेरूनच पाहिलं.

बाई माझ्या दारी येऊन गेल्या, त्या दिवशी मला कळमनुरीहून आधीची एसटी मिळत होती. गाडी समोर उभी होती, जागाही होती. पण ऊन फार, घाई कसली, म्हणून मी रसवंतीत बसून दोन गिलास रस प्याले आणि पुढची गाडी धरली. घरी आपली वाट बघणारं कोणी नाही, असं वाटलं होतं मला.