भाऊंच्या बसने जेजुरी, आणि भंडाऱ्यापाशी अडलेली गोष्ट

फुकटच्या बसने देवाला जायचं नाही, असं मी सासूबाईंना स्पष्ट सांगितलं होतं. बस भाऊंची. भाऊ म्हणजे आमच्या बिबवेवाडीतून महापालिकेला उभं राहायला निघालेले इच्छुक. पक्षाचं तिकीट एक आणि मागणारे तिघे, त्यामुळे निवडणूक लागायच्या आधीच देवदर्शनाच्या बसगाड्या सुटू लागल्या होत्या.

"अगं, किती महिन्यांत मी या गल्लीबाहेर पडले नाहीये!" आई म्हणाल्या. (सासूबाईंना मी आईच म्हणते.) आता यावर काय बोलणार, कप्पाळ? आमच्या चढावरच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. मी आणि नवरा दिवसभर हिंजवडीच्या कंपन्यांत, म्हणजे पाण्याची वाट बघत घरात अडकायचं ते आईंनी. शेवटी रविवारी नवऱ्याला नळापाशी बसवलं आणि मीही निघाले. मनाशी एकच ठरवलं होतं, भाऊंना पाण्याचं विचारायचंच. तिकिटाच्या मुलाखतीला भाऊंना बायकांची गर्दी दाखवायची होती आणि आमची गल्ली आई म्हणतील तिकडे जाते. आईंनी एकदा हो म्हटलं की आम्हाला विचारतंय कोण!

सकाळी लवकर निघालात तर हडपसर गर्दीआधी पार होतं. दिवे घाट चढताना उजाडत होतं, वारा असा की आईंनी खिडकी लावूच दिली नाही. सासवडला पोहे आणि चहा. (स्वतःच्या खर्चाने जाणाऱ्यांनो, स्वारगेटहून एसटी मिळते, खिशाला अजिबात जड नाही. आणि परतताना सासवडची अंजिरं घ्याच.)

तिथेच भाऊ बसमध्ये चढले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हसू तर असं की मागच्या बाकावरच्या आजीसुद्धा सावरून बसल्या. प्रत्येकीला नावाने हाक. आईंच्या तर पायाच पडले. "काकू, गुडघा कसाय आता?" आई विरघळल्या.

मी विचारलं, "भाऊ, आमच्या गल्लीतल्या पाण्याचं काय?"

"वहिनी, पाण्याचं काय घेऊन बसलात? आपल्याला बिबवेवाडीचं सिंगापूर करायचंय!" टाळ्या. मग माईक हातात घेऊन त्यांनी गाण्याच्या भेंड्याच सुरू केल्या. आवाज छान आहे, खोटं कशाला बोलू. पण आमच्या ऑफिसात क्लायंटला डेमो दाखवतात ना, तसं मला वाटत होतं. स्क्रीन सुंदर, मागे कोड लिहायचाय अजून.

"तू उगाच शंका काढतेस," आई कुजबुजल्या. "पोरगा गुणी आहे."

जेजुरीच्या पायऱ्या उन्हं चढायच्या आत चढा, नाहीतर दगडावर तळवे भाजतात. जाड मोजे न्या. वर 'येळकोट येळकोट जय मल्हार'च्या गजरात भंडारा उधळला आणि सगळ्या पिवळ्याधमक झालो. आई लहान मुलीसारख्या हसत होत्या. त्यांना असं हसताना पाहून मला फार बरं वाटलं, आणि वाईटही.

दर्शन झालं आणि देवळाच्या आवारातच भाऊंच्या कार्यकर्त्या सुरेखाताई ताट घेऊन आल्या. ताटात बेलाची पानं आणि भंडारा. "चला गं, एकेकीने बेल-भंडारा उचला. मुलाखतीला भाऊंसाठी यायचं!" खंडोबासमोर बेल-भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द आईंच्या पिढीतलं कोणी मोडत नाही. सगळ्या आईंकडे बघत होत्या. आई ताटापाशी गेल्या, पदर सावरला आणि भाऊंकडे वळल्या.

"आम्ही उचलतो. पण आधी तुम्ही उचला. निवडून आलात की वर्षात आमच्या गल्लीत वेळेवर पाणी. म्हणा."

भाऊ हसले. "काकू, तुमच्यासाठी जीव देईन!"

"जीव नको हो. पाणी द्या."

भाऊंचा हात ताटाकडे गेला आणि तिथेच थांबला. माईकवर सिंगापूर देऊन टाकणारा माणूस, पण भंडाऱ्याला हात लावेना! "देवाच्या दारात राजकारण नको," असं म्हणून त्यांनी हात जोडले. सुरेखाताईंनी ताट मागे घेतलं. खरं सांगू? त्या क्षणी मला भाऊ पहिल्यांदाच थोडे आवडले. निदान खंडोबाशी तरी खोटं बोलले नाहीत.

खाली पिठलं-भाकरी आणि ठेचा, पोटभर. जेवणाला नाव ठेवायला जागा नव्हती. परतीच्या वाटेवर भेंड्या काही रंगल्या नाहीत, पण आम्ही सासू-सुना घाटभर गप्पा मारत आलो. लग्नाला सात वर्षं झाली, इतकं निवांत आम्ही कधी बोललोच नव्हतो. म्हणून म्हणते, जेजुरीला जरूर जा, बस कोणाचीही असो. भंडारा कपाळाला लावा, डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नका.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी घरूनच काम करत होते. भाऊ स्वतः आमचा चढ चढून आले, घामाघूम.

"काकू, उद्या येताय ना? तुम्ही आलात की सगळी गल्ली येते."

"बसा ना," आईंनी खुर्ची पुढे केली. "पाणी यायचंय. ते भरलं की मी मोकळी, मग निवांत बोलू."

भाऊ बसले. चहा झाला. फोन दोनदा वाजला, दोनदा कापला. नळ कोरडाच.

"काकू, साधारण किती वाजता येतं हो पाणी?"

आई बादली नळाखाली सरकवत म्हणाल्या, "अहो, तेच तर आम्ही तुम्हाला विचारत होतो."