देवीनं पदर घेतला

देव माणसाशी बोलत नाही, असं मी कधी म्हटलं नाही. पण माझ्या नर्सिंगच्या शिक्षणावर तो बोलला, हे मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही.

आमचं गाव अमळनेरच्या बाजूचं. श्रावणात घरी कानबाई बसायची. नारळाला देवीसारखं सजवायचं, गाणी म्हणायची, रोट खायचे आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायचं. त्या वर्षी मला धुळ्याला नर्सिंगला जागा मिळाली होती. आईला मी जावं असं वाटत होतं, पण घरात शब्द चाले आजोबांचा, आबांचा, आणि ते अजून काही बोलले नव्हते. काका मात्र आठवडाभर ओट्यावर बसून एकच पालुपद लावून होते: पोरगी घराबाहेर गेली की घराला बाधतं.

सोमवारी देवी उचलणार, तेवढ्यात काकूच्या अंगात आलं. केस सुटले, पदर गळाला, ती घुमायला लागली. बायका हात जोडून बसल्या. काकू माझ्याकडे बोट करून ओरडली, "हाई पोर धुळे गई तं इना भाऊवर येई!"

आईनं माझ्या धाकट्या भावाला जवळ ओढलं. तिचा चेहरा पाहिला आणि मला कळलं, आता धुळं विसरायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकांचंच पालुपद, फक्त सूर लांबवलेला!

इतक्यात आबा खाकरत आत आले. आणि काकूनं, त्या घुमण्यातच, झटकन पदर डोक्यावर ओढला. सून सासऱ्यासमोर ओढते तसाच.

मी मोठ्यानं विचारलं, "माय, तू देवी शे ना? मंग आबास्ना मोरे पदर का बरं लिधा?"

कोणी हसलं नाही. जीभ झडेल तुझी, असं एक आत्या म्हणाली. मी म्हटलं, झडू दे. जगाची आई आमच्या आबांना लाजते, हे आधी मला पटवून द्या, मग गप्प बसते. काकूचं घुमणं थांबलं होतं. आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जाऊ द्या तिले," एवढंच ते म्हणाले.

मी गेले. आणि हिवाळ्यात भावाला हिवताप झाला. गावचा एक शेजारी धुळ्याच्या बाजाराला आला, तो होस्टेलवर येऊन म्हणाला: पोरगा तापानं फणफणलाय, गाव म्हणतंय देवी खरी निघाली. हिवताप डासानं होतो हे मी नुकतंच वर्गात शिकले होते. तरी घाबरले. खरंच घाबरले. पिशवी भरायला घेतली, तेव्हा त्यानं आईचा निरोप सांगितला, "डाक्टरले दखाडं शे. तू येऊ नको. परीक्षा दे."

मी परीक्षा दिली. गोळ्यांनी भावाचा ताप उतरला.

उन्हाळ्यात घरी गेले, तेव्हा चुलीपुढे बसलेल्या आईला विचारलं, तुला भीती नाही वाटली?

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "वाटनी ना. पण तू परीक्षा सोडीसन घर उनी असती, तं देवीनी ती गोट खरी व्हई जाती."