पन्नास चित्रांचा संच

इतकी वर्षं लोटली, तरी ती घटना मनातून जात नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी गिरगावातल्या एका ठाण्यात नवा सब-इन्स्पेक्टर होतो. रोज कुठे ना कुठे मोर्चा निघे आणि निम्मं ठाणं बंदोबस्तावर असे. अशा धामधुमीत फणसवाडीतले एक निवृत्त ड्राफ्ट्समन चोरीची फिर्याद घेऊन आले.

काय चोरीला गेलं ते ऐकून हवालदाराला हसू आवरेना. दुसऱ्या महायुद्धापूर्वी सिगारेटच्या पाकिटातून क्रिकेटपटूंची छोटी रंगीत चित्रं निघत. पन्नास चित्रांचा एक संच. या गृहस्थांनी त्यातली अठ्ठेचाळीस जमवून वहीत चिकटवली होती. घराला रंग लावून झाला आणि वही दिसेनाशी झाली.

"साहेब, बायको गेल्यापासून संध्याकाळी तीच वही उघडून बसतो मी," ते म्हणाले. मग हवालदारही हसला नाही.

मी फिर्याद नोंदवली आणि जुन्या वस्तू घेणाऱ्या दुकानदारांना सांगून ठेवलं. चौथ्या दिवशी पोस्टाची जुनी तिकिटं विकणाऱ्या एका दुकानदाराचा निरोप आला, "एक बाई तसलीच चित्रं विकायला आली आहे. बोलण्यात गुंतवून ठेवलंय, लवकर या."

बाई तिशीची होती, नऊवारी नेसलेली, लालबागच्या चाळीत राहणारी. पत्र्याच्या डबीत चित्रांची चळत होती. मी तिला ठाण्यात आणलं.

"कुठून आणलीस?"

"माज्या घोवाची आसत ती."

"नवरा कुठे आहे?"

"गावाक गेलोहा."

मी खात्री करून घ्यायचं ठरवलं. हवालदाराला तिच्या चाळीत पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, "साहेब, नवरा गावाला नाही. गिरणीत कामाला होता. सत्याग्रहात पकडलाय, तीन महिने झाले, नाशिकच्या तुरुंगात आहे."

खोटं सापडलं की नव्या अधिकाऱ्याला वाटतं, गुन्हाच सापडला. मी आवाज चढवला. तिने पदर घट्ट ओढून घेतला आणि भिंतीकडे पाहत उभी राहिली. मुद्देमालाची ओळख पटवायला मी फिर्यादीला बोलावून घेतलं. ते 'माझीच' म्हणाले असते, तर त्या बाईला मी अटक केली असती.

गृहस्थ आले. त्यांनी चष्मा पुसला, टेबलावर स्वच्छ कागद पसरला आणि एकेक चित्र कडेला धरून उजेडाकडे नेलं. आधी कोपरे पाहिले, मग कडा, मग चित्र उलटून मागची बाजू. मी घड्याळाकडे बघत होतो. त्यांना घाई नव्हती.

"ही माझी नाहीत, साहेब."

"नीट बघा."

"नीटच बघितलीत. माझी खळीने चिकटवलेली होती. चिकटवलेलं चित्र काढलं की त्याची पाठ सोलवटते. ही पाठ बघा, अक्षर न् अक्षर वाचता येतंय. पण समोरची चकाकी गेलीय, कोपरे गोल झालेत. ही वर्षानुवर्षं हातात खेळलेली आहेत. अशांना बाजारात फारसा भाव नाही." मग त्यांनी दोन चित्रं वेगळी काढली. "आणि ही पन्नास आहेत. मला न मिळालेली दोन्ही यात आहेत."

चित्रं मोजायचंही मला सुचलं नव्हतं. ती दोन चित्रं त्यांच्या बोटांत होती. वीस वर्षं ते त्यांच्याच शोधात होते. एक 'हो' म्हटलं असतं, तर त्यांना कोण विचारणार होतं?

मी बाईला बसायला सांगितलं. "बाई, तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"पोलिसांनीच धरून न्हेल्यानी त्येका. पोलिसांकच कसा सांगू?" ती म्हणाली. मग हळूहळू बोलू लागली. नवरा सुट्टीच्या दिवशी मुलीला मांडीवर घेऊन ही चित्रं क्रमाने लावायचा. त्यांच्यावरच्या आकड्यांवरून मुलगी मोजायला शिकली. आता ती बापाला भेटायचं म्हणून हट्ट धरून बसली होती. नाशिकचं भाडं जमवायला बाईने डबी काढली होती.

मला वाटलं, गृहस्थ ती दोन चित्रं विकत घेतील. त्यांनी ती डबीत परत ठेवली.

"संच फोडू नका, बाई. अपुरा संच काय असतो, ते मला विचारा. ही दोन मला पंधरा दिवस उसनी द्या. मी त्यांची हुबेहूब नक्कल काढून घेतो. मोबदला मी आत्ताच देतो."

"नुसते बगूचे कसले पैशे?"

"आमच्या धंद्यात नक्कल काढायला मूळ लागतं, आणि त्याचे पैसे द्यावे लागतात," ते गंभीरपणे म्हणाले. असा कुठलाही रिवाज नव्हता, हे मलाही कळत होतं. बाईने पैसे घेतले आणि लेकीला घेऊन नाशिकला जाऊन आली.

वहीचं म्हणाल, तर चोरी झालीच नव्हती. रंगाऱ्यांनी ती खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे सांभाळायला दिली होती आणि ती शेजारीण गावी गेली होती. आठवड्याने वही परत आली. मी कागदपत्रं बंद केली.

पुढे लालबागला बंदोबस्त लागला. समोरून मोर्चा येत होता, माझ्या हातात लाठी होती. नोकरी होती, कर्तव्य केलं. पण त्या दिवसापासून समोरचा माणूस मला नुसता जमाव म्हणून दिसेना. याची मुलगी घरी वाट बघत असेल, असं मनात येई. आणि जबाब घेताना कुणी खोटं बोललं, की मी आधी आवाज खाली आणत असे. तो माणूस गुन्हा लपवतोय, की मलाच घाबरलाय, हे त्याशिवाय कळत नाही.