नानांसाठी एकशे आठ पांढरे झेंडे

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. आणि हो, माझ्या सासऱ्यांना भेटलात तर हा विषय काढू नका. म्हणजे तुम्ही नाही काढलात तरी ते काढतातच, पण तुमच्या तोंडून नको.

तर झालं असं. आमचे सासरे, म्हणजे नाना, सांगलीचे. बांधकाम खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर पुलांमध्ये भेगा शोधल्या, निवृत्त झाल्यावर जावयामध्ये शोधायला लागले. एकवीस वर्षांत या माणसाने माझ्या एकाही गोष्टीला "छान" म्हटलेलं नाही. दुबईत करामातला आमचा फ्लॅट पहिल्यांदा बघितला तेव्हा सोफ्यावर बसायच्या आधी भिंतीवर टकटक करून म्हणाले, "पोकळ आहे."

बरं, सगळ्याच जावयांना असं करत असते तर माझी हरकत नव्हती. पण माझा साडू आहे ना, नितीन, टोरांटोवाला! त्याने साधा नेलकटर आणला तरी नाना शेजाऱ्यांना बोलावून दाखवतात. "नितीनरावांनी आणलाय. पकड बघा कशी आहे!"

यंदा नानांची पंचाहत्तरी. नाना आणि आई, म्हणजे सासूबाई, तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आलेले. अमृतमहोत्सव दुबईतच करायचा ठरला, आणि नितीन खास टोरांटोहून येणार होता. मी मनाशी म्हटलं, सुहासराव, हीच संधी. या वेळी नानांच्या तोंडून "छान" हा शब्द काढला नाही तर नाव बदलेन!

त्याआधी ईदची सुट्टी लागून आली. मधुरा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "ईशाला सांभाळायला आई-नाना आहेतच, आपण दोघं चार दिवस कुठेतरी जाऊन येऊ. मॉल नाही, बुफे नाही. जरा संस्कृती बघू." म्हणून भूतान. दिल्लीला विमान बदललं आणि पारोला उतरलो.

उतरलो तेव्हा मी पूर्ण तयारीत होतो. आठवडाभर यूट्यूबवर भूतानचे अठ्ठावीस व्हिडिओ बघितले होते ना! त्यामुळे आमचा गाईड उग्येन, गुडघ्यापर्यंतचा तो झग्यासारखा घो घातलेला, अतिशय गोड, शांत माणूस, तोंड उघडायचा की मी सुरू.

"सर, ये जो चक्र है ना..."

"पता है, पता है! घड्याळाच्या दिशेने घुमाने का."

"सर, यहाँ जूते..."

"पता है! बाहर."

मधुरा दोनदा म्हणाली, "अरे, त्याला बोलू दे की. त्याचे पैसे दिलेत आपण." पण मला कुठे दम!

दुसऱ्या दिवशी मधुराचं डोकं दुखायला लागलं, उंचीचा त्रास, म्हणून ती हॉटेलवर थांबली. मी आणि उग्येन एका घाटात गेलो. आणि काय सांगू राव! डोंगराच्या कडेला उंचच उंच काठ्या, शंभराहून जास्त, आणि प्रत्येक काठीला वरपासून खालपर्यंत लांब पांढरा झेंडा. त्यावर मंत्र छापलेले. वाऱ्यावर सगळे एकदम फडफडत होते. मी तिथेच थिजलो. डोळ्यांसमोर करामातला हॉल, मध्ये नाना आणि चारी बाजूंनी हे झेंडे. आणि कोपऱ्यात नितीनचा उतरलेला चेहरा!

"उग्येन, ये कितने होते हैं?"

"एक सौ आठ, सर."

एकशे आठ! अहो, जपमाळेचे मणी एकशे आठ! हा तर साक्षात शकुन. मी म्हटलं, "मुझे भी चाहिए. पूरे एक सौ आठ. मेरे ससुरजी के लिए."

उग्येन एकदम थांबला. हळूच म्हणाला, "ससुरजी के लिए? उनकी उमर, सर?"

"पचहत्तर!" मी अभिमानाने सांगितलं.

त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटला. मग खाली दोरीला बांधलेल्या निळ्या-लाल-पिवळ्या पताकांकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, वो रंगवाले नहीं ना? क्योंकि सफेद तो..."

"पता है, पता है! सफेद ही चाहिए." रंगीत म्हणजे बालवाडीचं स्नेहसंमेलन हो! पांढऱ्याला कसा एक क्लास असतो.

तुमच्यातल्या हुशार मंडळींच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

थिंफूच्या दुकानात गेलो. उग्येन दुकानदाराच्या कानात काहीतरी बोलला. एका झेंड्याचे साधारण सव्वादोनशे रुपये, म्हणजे आपले दहा दिरहॅम. मी घासाघीस करायला तोंड उघडणार, तेवढ्यात दुकानदाराने आपणहून भाव निम्म्यावर आणला! वर माझ्या खांद्यावर हात ठेवला. जगाच्या पाठीवर कुठल्या दुकानदाराने मराठी माणसाला न मागता सूट दिली आहे? तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

बाहेर आल्यावर उग्येनने विचारलं, "कहाँ लगाएँगे, सर? इनको हवा चाहिए."

"हॉल में. एसी फुल पे रखेंगे!"

त्याने माझ्यासाठी अदबीने गाडीचं दार उघडलं.

त्यानंतर मात्र आमची बडदास्त काय विचारता! गाडीत ड्रायव्हर गाणी लावायचा, त्याने ती बंद केली. संध्याकाळचा नाचाचा कार्यक्रम उग्येनने आपणहून रद्द केला, "आप आराम कीजिए" म्हणाला. हॉटेलच्या मालकीणबाईंनी मधुराच्या गळ्यात पांढरा रेशमी स्कार्फ घातला आणि तिचा हात हातात घेऊन पाच मिनिटं गप्प बसल्या.

मधुरा खोलीत आली ती गहिवरूनच. "काय माया लावतात रे ही माणसं! करामात समोरच्या फ्लॅटमधल्या बाईला बारा वर्षांत माझं नाव माहीत नाही."

"संस्कृती म्हणतात ती हीच," मी म्हणालो.

निघताना विमानतळावर उग्येनने मला मिठी मारली. "सर, मेरी बहन पेमा दुबई में है. करामा में सलून में काम करती है. उसको भेजूँ?"

"अरे भेजो! सहेलियों को भी लाने को बोलो. शनिवार शाम, सात बजे. खाना हमारे यहाँ!"

त्याचे डोळे पाणावले. "आप बहुत हिम्मतवाले हो, सर."

मला वाटलं, एवढ्या लोकांना जेवायला बोलावतोय म्हणून म्हणाला.

दुबईत आल्यावर काठ्यांचा प्रश्न. शारजाच्या औद्योगिक भागात एका वर्कशॉपमध्ये जाऊन प्लास्टिकचे एकशे आठ पाईप कापून घेतले. तिथल्या पठाणाने विचारलं, "शादी है, हबीबी?" म्हटलं, "बर्थडे है." "मबरूक, मबरूक!" म्हणाला. त्याला कळलं असतं तर त्याने पाईप माझ्याच डोक्यात घातला असता.

शनिवार उजाडला. करामातल्या एका हॉटेलच्या वरचा हॉल. दाराशी रांगोळी. समोर नानांचा सहा फुटी हसरा फोटो, भोवती झेंडूच्या माळा. फोटोपुढे टेबलावर औक्षणासाठी पंचाहत्तर दिवे. हॉलचा मॅनेजर म्हणाला, "खरी आग नाही चालणार, अलार्म वाजेल," म्हणून बॅटरीचे दिवे. आणि हॉलभर एकशे आठ पांढरे झेंडे. लोकांना आडवं होऊन चालावं लागत होतं, पण दिसत होतं काय देखणं! येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "सुहास, कल्पना कुणाची रे?" मी नम्रपणे मान खाली घालत होतो. माझी लेक ईशा, जी बापाच्या कशालाच भाव देत नाही, तीसुद्धा म्हणाली, "बाबा, इट्स सो एस्थेटिक!"

फक्त नाना यायचे होते. नितीन भाड्याची गाडी घेऊन त्यांना आणत होता, आणि करामात शनिवारी संध्याकाळी पार्किंग मिळणं म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. नानांना आधी उतरवलं असतं, पण नाना उतरतात कसले! "मी बसतो, तुम्हाला गाडी लावता येणार नाही," म्हणाले. पाऊण तास दोघं फिरत होते.

तेवढ्यात दारात पाच बायका आल्या. पायघोळ भूतानी किरा नेसलेल्या, हातात पांढरे स्कार्फ. पुढची पेमा. मी धावत गेलो. त्यांनी झेंडे बघितले, फोटो बघितला, दिवे बघितले. आणि पाचही जणींनी जमिनीवर डोकं टेकवून फोटोला तीनदा नमस्कार केला.

अख्खा हॉल माना वळवून बघायला लागला. मी शेजारच्या कुलकर्ण्यांना म्हटलं, "बघा! वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायची पद्धत बघा. नाहीतर आपण! व्हॉट्सअ‍ॅपवर केक पाठवतो."

मग पेमाने एकेक बॅटरीचा दिवा उचलला, बटण दाबलं आणि डोळे मिटून खाली ठेवला. बाकीच्या हळू आवाजात मंत्र म्हणायला लागल्या. आमची मंडळी भारावून हात जोडून उभी. मग पेमा सासूबाईंकडे गेली. सासूबाई पैठणी, नथ, गजरा अशा थाटात. पेमा जरा गोंधळली, पण यांच्यात अशीच पद्धत असेल असं तिला वाटलं असावं. तिने आईंना घट्ट जवळ घेतलं.

"आंटी, रोना आए तो रो लीजिए."

"अहो सुहासराव," आई मिठीतूनच मला म्हणाल्या, "ही मला रडायला का सांगत्ये?"

"आनंदाश्रू, आई! आनंदाश्रू म्हणत्ये ती!"

काय करणार? आई बिचाऱ्या जावयाचा मान ठेवून दोन हुंदके रडल्या.

आणि दार उघडलं. फेटा बांधलेले नाना आत आले, मागून घामाघूम नितीन.

पेमाने नानांकडे बघितलं. फोटोकडे बघितलं. परत नानांकडे. मग पुढे होऊन तिने त्यांच्याही गळ्यात स्कार्फ घातला.

"अंकल, आप उनके भाई हैं? बिलकुल वैसे ही दिखते हैं."

"किसके भाई?"

"जो गुजर गए."

"कौन गुजर गया?"

पेमाने फोटोकडे हात केला.

सांगतो, मी दुबईत इतकी वर्षं एसीत काढली, पण एवढा गारठलो कधीच नव्हतो. शंभर माणसं माझ्याकडे बघतायत. पेमाचा चेहरा पांढराफटक. ती चाचरत बोलायला लागली. खुशीसाठी रंगीत पताका असतात. एकशे आठ पांढरे झेंडे फक्त माणूस गेल्यावर लावतात, त्याच्या आत्म्याला पुण्य मिळावं म्हणून. "भैया सर को बता रहा था. सर बोले, पता है, पता है, सफेद ही चाहिए."

मधुराने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. नितीन इतका खूश झाला होता की त्याने फोन काढून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली.

मला खरंच रडू फुटायच्या बेतात होतं हो. कुणाला तरी आवडावं म्हणून एकवीस वर्षं जीव टाकायचा, आणि शेवटी त्याचं श्राद्ध घालायचं, तेही कॅटरिंगसकट!

नाना पुढे झाले. झेंड्यांमधून आडवे होऊन एक फेरी मारली. एक पाईप हलवून बघितला. दुसरा हलवला. लांबून एक डोळा मिटून रांग बघितली.

"ओळंब्यात आहेत," नाना म्हणाले. "एकही पाईप तिरका नाही. छान."

छान! ऐकलंत? छान म्हणाले! आणि मग हा माणूस हसायला लागला. मी त्यांना कधी एवढं हसताना बघितलं नव्हतं, फेटा सुटेपर्यंत हसले. ते हसले तसा हॉल हसला, पेमा तोंडावर हात घेऊन हसली. नानांनी पाचही जणींना आपल्या पंगतीला बसवलं, आग्रह करकरून श्रीखंड वाढायला लावलं.

"माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल लोक काय बोलतात, ते त्याला ऐकायला मिळत नाही," नाना म्हणाले. मग पेमाकडे वळून, "तो बताओ बेटी, मेरे जाने के बाद जावई कैसा था? बहुत रोया?"

पेमा बिचारी खरं बोलणारी. "नहीं अंकल. भैया बोला, सर बहुत हिम्मतवाले हैं. एक आँसू नहीं. अगली सुबह चार आलू पराठे खाए."

"चार?"

"मक्खन डाल के."

नानांनी माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. नजर पोटावर जरा जास्तच थांबली. जुन्या पुलाची पाहणी करताना बघत असतील तसं.

कार्यक्रम संपला. मी मान खाली घालून एकेक झेंडा उतरवून कचऱ्याच्या पिशवीत भरत होतो. नानांनी येऊन माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

"टाकू नका, जावईबापू. नीट घड्या घाला आणि माझ्या बॅगेत ठेवा. सांगलीला नेतो."

मला भरूनच आलं. म्हटलं, "नाना, खरंच आवडले तुम्हाला?"

"कापड उत्तम आहे. आणि वस्तू जपून ठेवलेली बरी," नाना माझ्या पोटावर टकटक करत म्हणाले. "मी पंचाहत्तरचा असलो तरी रोज सहा किलोमीटर चालतो. तुमचा एकंदर आहार बघता, हे झेंडे आधी मलाच तुमच्यासाठी लावावे लागतील."