दोन गळ्यांचा स्वेटर

मुलगी झाली तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. लग्नाला चौदा वर्षं होऊन गेली होती आणि मुलाचा विषय आम्ही दोघांनीही कधीच बंद केला होता. त्यामुळे आनंद झाला हे खरं. पण लिफ्टमध्ये कुणी "नात वाटतं?" असं विचारलं की माझे कान तापायचे, हेही खरं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या तापलेल्या कानांमुळे झालं.

आम्ही बोरिवली पूर्वेला राहतो, नॅशनल पार्कच्या बाजूला. मुंबईत थंडी नसते म्हणणाऱ्यांनी डिसेंबरात सकाळी सहा वाजता आमच्या इमारतीखाली येऊन उभं राहावं. मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. उजाडायच्या आधी रडायला लागायची आणि छातीशी बांधून चालत राहिलं तरच गप्प व्हायची. सिझेरियननंतर बायकोची कंबर धरलेली, मनगटं सुजलेली. ती म्हणाली, "सकाळचा एक तास तू घेत जा रे तिला. मला फक्त एक तास झोपू दे."

मी हो म्हणालो. बाळाच्या अंगाला कोरं कापड लावायचं नाही, अशी तिच्या माहेरची रीत. म्हणून तिने आईच्या जुन्या सुती लुगड्याची झोळी केली. ती मी खांद्यावरून, पाठीवरून घेऊन पोटाशी बांधायचो. वरून घालायचा स्वेटर मात्र ती स्वतः विणणार होती. मला उभं करून, मुलीला माझ्या छातीशी बांधून, तिने वितींनी माप घेतलं. त्याला दोन गळे ठेवायचे होते: वरचा माझा, आणि त्याच्या जरा खाली, पुढच्या बाजूला, मुलीच्या डोक्यासाठी दुसरा.

"हलू नकोस. तुझं पोटच एवढं आहे की मी माप कुणाचं घेतेय तेच कळत नाहीये."

मनगटाला क्रेप बँडेज बांधून ती रोज दुपारी विणायची. राखाडी लोकर होती, आणि मुलगी आत गुदमरू नये म्हणून वीण जाळीची. तीन आठवडे लागले.

पहिल्या दिवशी तो घालून मी सोसायटीच्या बागेत उतरलो. तिथे रोज चकरा मारणारे आम्ही पाच-सहा जण.

"आयला, दोन डोकी! अजून एक लाव रे, दत्त होशील!"

"पाळणाघर काढलंस काय या वयात?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. मुलगी खालच्या गळ्यातून डोकं काढून शांतपणे त्यांच्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी खाली मीटर रूममध्ये शिरलो, स्वेटर काढला, घडी करून मीटरच्या पेटीमागे ठेवला आणि नुसत्या झोळीने बागेत गेलो. झोळीला कुणी हसलं नाही; हसू होतं ते त्या दोन डोक्यांचं. तिच्या पाठीवर हात ठेवला की झालं, अशी मी स्वतःची समजूत घातली. परत येताना मीटर रूममध्ये जाऊन स्वेटर चढवायचो आणि मग वर घरी जायचो. बायको दार उघडून मुलीची टोपी सारखी करायची. असं पंधरा दिवस चाललं.

मग मुलीची छाती भरली. चार दिवस हॉस्पिटलमध्ये काढावे लागले. डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी गारव्यात बाहेर नेता का हिला?"

बायको म्हणाली, "वरून स्वेटर असतो, डॉक्टर. पण मीच मूर्ख, जाळीचा विणला. वारा आत जात असणार."

थंडीनेच झालं असं सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिने ते ऐकलं नाही. मी ऐकलं, आणि औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेलो.

घरी आल्यावर तिने स्वेटर उसवायला काढला. घट्ट विणीचा नव्याने करणार होती. "हात पुढे कर," म्हणाली. मी दोन्ही हात पुढे धरून तिच्यासमोर बसलो आणि ती उसवलेली लोकर माझ्या हातांभोवती गुंडाळू लागली. फार सावकाश उसवत होती. मध्येच थांबून म्हणाली, "बोल ना काहीतरी."

मी म्हणालो, "चहा टाकू?"

दुसरा स्वेटर फेब्रुवारीच्या शेवटी झाला. तेव्हा घरात पंखे लागले होते. डांबराच्या गोळ्या घालून तो माळ्यावर गेला.

मुलगी आता नऊ वर्षांची आहे. दर थंडीत तिला धाप लागते; दप्तरात पंप असतो. पाहुण्यांनी विचारलं की बायको सांगते, "माझ्यामुळेच. जाळीचा स्वेटर विणला ना मी." मुलगी तिला चिडवते, "आईचा भोकाभोकांचा स्वेटर!" त्या वेळी मी ताटात बघत असतो.

मागच्या महिन्यात माळा आवरताना तो दुसरा स्वेटर हाती आला आणि मी बायकोला सगळं सांगितलं. मीटर रूम, दत्त, सगळं. ती घड्या घालत राहिली.

"मला माहीत आहे," म्हणाली. "उसवताना कळलं. पंधरा दिवस पोर ज्या गळ्यात असल्याचं दाखवत होतास, तिथे दुधाचा एक डाग नाही, लाळ नाही. लोकर कोरी होती."

"मग उसवत का राहिलीस?"

"तू थांबवशील म्हणून." मग पुढची घडी घालत, "पाहुण्यांना सांगतानाही मी तुझ्याकडेच बघत असते. मला सांगून काय उपयोग? तिला सांग."

गेल्या रविवारी मुलीला तो स्वेटर सापडला. "बाबा, घाल ना, घालून दाखव!" मी घातला. खालचा गळा पोटावर रिकामा लोंबत होता. तिने त्यात डोकं घालून बघितलं, कानांपाशी अडकलं. वीण बोटांनी ताणत ती म्हणाली, "आई, याला भोकं नाहीत गं! हाच आधी केला असतास तर?"

बायको दारात उभी होती. ती मुलीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "फार उकडतंय यात," आणि स्वेटर काढून ठेवला.