निकालाआधीचा गाऊन

आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात नियमांपेक्षा रिवाज जास्त. मुलींनी आपण होऊन वर्गात जायचं नाही; लेडीज रूममध्ये थांबायचं नि प्रोफेसर निघाले की त्यांच्या मागून आत शिरायचं. मुलगे बाकांखाली पाय बडवणार, ते बडवून झालं की तास सुरू. परीक्षेच्या दिवसांत फाटकाजवळच्या जांभ्याच्या कठड्यावर कोणी टेकायचं नाही. टेकला त्याची दांडी गुल. कोणी घालून दिलं हे सगळं, देव जाणे.

सगळ्यात कडक रिवाज काळ्या गाऊनचा. विद्यापीठ मुंबईला, पदवी घ्यायला तिथवर जाणं थोड्यांनाच जमे. बाजारातल्या फोटोवाल्याकडे एक जुना गाऊन टांगलेला असायचा. बी. ए. झालेला जो तो तोच चढवून फोटो काढी. निकालाआधी मात्र त्याला बोटसुद्धा लावायचं नाही. लावलं की नापास!

माझी बी. ए.ची परीक्षा झाली तेव्हा बाबा घरी होते. ते बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. निकालाच्या आत त्यांना बोटीवर हजर व्हायचं होतं, नि परत कधी येणार ते त्यांनाही ठाऊक नसायचं. आमच्या नाटे गावाहून मला रत्नागिरीला शिकायला धाडली म्हणून गावानं त्यांना काय कमी टोमणे मारले होते? एक दिवस म्हणाले, "चल गो, फोटो काढू. त्या काळ्या झग्यातला."

"बाबा, निकालाआधी नाही चालत."

"मी काय निकालापर्यंत इथं असणाराय?"

मला असा राग आला! यांचं काय जातंय, आपटणार मी. पण बाबा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते. निमूट गेले मी.

फोटोवाला कुरकुरला, "बघा हां, मागाहून मला बोल लावायचा नाही." गाऊनला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. फोटोत माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं आलं. बाबांनी तो फोटो ट्रंकेत घातला नि ते बोटीवर गेले.

निकाल लागला. इंग्रजीत गेले! कॉलेजभर एकच, "गाऊन नडला." आईनं बाबांना कळवलं, त्यांच्याकडून त्यावर चकार शब्द नाही. मी कुढत बसले. माझ्या पायी बोटीवर त्यांची मान खाली गेली असणार, फोटो फाडून समुद्रात टाकला असणार. ऑक्टोबरात पुन्हा बसले नि सुटले एकदाची.

बाबा आले ते पुढच्या वर्षी. ट्रंक उघडली, तर झाकणाला आतून माझा फोटो डकवलेला. खाऱ्या हवेनं कडा पिवळ्या पडलेल्या.

"मी नापास झाल्यावर काढून टाकला नाहीत?"

"का काढू? सगळ्या बोटीला सांगितलं होतं, पोर नापास झाली, पुन्हा बसणाराय म्हणून. पास झालीस तेव्हा साखर वाटली." मग हसून म्हणाले, "आता रीतसर काढू या नवा."

"नको," मी म्हटलं. "हाच असू दे."

पुढच्या खेपेला बाबा तोच घेऊन गेले.